झाडं नकोत, शिकवणारा माणूस हवा: सोलापुरात एका उपचारबागेसाठी निधी जमवताना

सोलापुरात गच्चीवर बाग करणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. बहुतेक जण जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोड भागातले, काही पूर्व भागातले. ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ या काळात आम्ही मिळून एका संस्थेच्या उपचारबागेसाठी, म्हणजे आजारातून सावरणाऱ्यांना बागकामातून मदत करणाऱ्या बागेसाठी, २ लाख २२ हजार रुपये जमवले. आमच्यापैकी कुणालाच निधी गोळा करण्याचा अनुभव नव्हता. गणपतीची वर्गणी देणारेच आम्ही, मागणारे कधीच नव्हतो. मध्ये बऱ्याच वेळा वाटलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. असं काही करावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांना निदान वाट दिसावी, म्हणून सगळं क्रमानं लिहिते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे येणाऱ्यांची ओळख कुणाला लागू नये, ही संस्थेचीच विनंती आहे.

संस्था शहराबाहेर आहे. मानसिक आजारातून सावरणारी मोठी माणसं आणि बौद्धिक अक्षमता असलेली तरुण मुलं तिथे दिवसभरासाठी येतात. माझा धाकटा भाऊ आठवड्यातून काही दिवस जातो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे त्याला विचारून, त्याच्या होकारानंतरच लिहिते आहे. घरात दिवसदिवस न बोलणारा हा माणूस तिथून आला की "आज मेथी उगवली" एवढं तरी सांगायचा. त्या एका वाक्यासाठी मी काहीही करायला तयार होते.

सुरुवात अगदी साधी झाली. ऑगस्टमध्ये पाऊस बरा होता आणि सगळ्यांच्या गच्चीवर रोपं जास्त झाली होती. गटात कुणीतरी सुचवलं, ही रोपं त्या संस्थेला देऊ. मी संस्था चालवणाऱ्या ताईंना फोन केला आणि विचारलं, "ताई, आमच्याकडे शंभरेक रोपं आहेत, कधी पाठवू?" त्या म्हणाल्या, "पाठवू नका. आधी या, बघा, मग बोलू."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच-सहा जण गेलो. बाग म्हणजे साधारण चार गुंठे काळी जमीन, एका कडेला कडुनिंब, आणि मागच्या भिंतीला लागून वाळलेल्या कुंड्यांची रांग. आधी कुणीकुणी वाढदिवसाच्या, जयंतीच्या निमित्तानं दिलेली झाडं होती ती. ताई म्हणाल्या, "झाडं मिळतात हो. ती लावायला आमच्या मुलांच्या शेजारी रोज बसणारा माणूस मिळत नाही." आधी एक माळीकाका यायचे. ते वयामुळे थांबले आणि तेव्हापासून बाग ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या) मोकळ्या वेळेवर चालली होती.

त्या दिवशी थेरपिस्ट मॅडमनी जे समजावून सांगितलं, त्यातून आमचा पुढचा सगळा बेत ठरला. आम्ही इतकी वर्षं बाग करतो, पण या नजरेनं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. काही औषधांनी हात थरथरतात, म्हणून बारीक बी पेरायला दिलं की माणूस वैतागतो आणि उठून जातो. त्यामुळे सुरुवात वाल, भोपळा, सूर्यफूल अशा मोठ्या बियांनी करायची. ज्याला आठवडाभर धीर धरणं अवघड जातं त्याच्या हाती मेथी द्यायची, ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी होते. खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे पकड सुटत नाही. व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी वाफा सव्वादोन-अडीच फूट उंच हवा आणि एका बाजूनं हात पोचेल इतकाच रुंद. कण्हेर बागेत नकोच, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पत्ताओवा, गवती चहा, पुदिना, तुळस, मोगरा मात्र भरपूर लावायचा, कारण न बोलणारं माणूससुद्धा पान चुरगळून वास घेतं आणि तिथून बोलणं सुरू होतं.

आणि ऊन. सोलापूरचं ऊन काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण मानसिक आजारावरच्या काही औषधांमुळे शरीराला उष्णता सहन होत नाही, काहींमुळे कातडी उन्हात लवकर भाजते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढून ते विषासारखं बाधू शकतं. म्हणजे आमच्या गच्चीवर शेडनेट, सावलीची जाळी, झाडांसाठी असते, तिथे ती माणसांसाठी हवी होती. पिण्याच्या पाण्याची सोय बागेतच हवी होती आणि मार्चपासून काम सकाळी नऊच्या आत संपायला हवं होतं.

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. घरी आल्यावर गटातले निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी कागदावर मांडणी केली. अर्धवेळ बागकाम प्रशिक्षकाचा पगार महिना १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. शेडनेट आणि तिचा लोखंडी सांगाडा ४८ हजार. पाण्याची टाकी आणि ठिबक २२ हजार. विटांचे चार उंच वाफे ३० हजार. एकूण २ लाख ४४ हजार. रोपांसाठी त्यात एक रुपयाही नव्हता. झाडं लावणाऱ्यांचा गट झाडांशिवाय बाकी सगळ्यासाठी पैसे मागणार, हे काहींना पटायला वेळ लागला. "पगारासाठी कोण देतंय? लोकांना डोळ्यांना दिसणारी वस्तू लागते," असं दोघांनी सांगितलं. ते खरंही होतं. तरी पगार पहिल्या ओळीत ठेवायचा हे आम्ही ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. निधीच्या कामातला हा एकच निर्णय मी कुणालाही आग्रहानं सांगेन.

मग कागदपत्रांचा भाग. इथेच लोक घाबरून थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न होता पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे. आमच्यापैकी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक पैसाही घ्यायचा नाही, हे अण्णांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलं. संस्था नोंदणीकृत न्यास आहे, तिच्याकडे आयकराची १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) अशा दोन्ही नोंदण्या आहेत. म्हणून देणग्या थेट संस्थेच्या खात्यात आणि पावती संस्थेची, असं ठरलं. संस्थेच्या विश्वस्तांनी ठराव केला की हा निधी फक्त बागेसाठी वापरला जाईल आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला जाईल. त्या ठरावाची प्रत आम्ही मागून घेतली. मागताना संकोच वाटला, पण ताईंनीच सांगितलं की असा कागद मागणारे देणगीदार त्यांना आवडतात. नंतर कुणी शंका घेतली की आम्ही तीच प्रत दाखवायचो.

दुसरा प्रश्न आमच्या गटाचा. आम्ही नोंदणीकृत नाही. लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी घेतात तीच ही. अर्ज ऑनलाइन करता येतो. गटाचा ठराव, अध्यक्ष आणि सचिव म्हणून निवडलेल्यांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, निधी कशासाठी आणि तो कुठे जाणार याची माहिती, शिवाय संस्थेचं संमतीपत्र आम्ही जोडलं. ठरावावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, त्या बैठकीतच घ्या. नंतर घरोघरी फिरावं लागतं. अर्ज सप्टेंबरच्या शेवटी केला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळीकडेच निवडणुकीची गडबड सुरू झाली. आमचा कागद नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर हाती आला. परवानगी मुदतीची असते आणि शेवटी हिशेब द्यावा लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून वही घाला.

तिसरी गोष्ट आमचा हिशेब पाहणाऱ्या सी.ए. सरांनी सांगितली, आणि ती फार उपयोगी पडली. देणगी वेगळी आणि विक्री वेगळी. कुणी रोप विकत घेतलं तर त्याला ८० जीची पावती मिळत नाही, कारण त्याला बदल्यात वस्तू मिळालेली असते. रोख २ हजारांच्या वर दिले तर त्यावर करसवलत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ८० जीचा फायदाच नाही. हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगायचो. काही जण त्यामुळे रक्कम कमी करतील अशी भीती होती, पण तसं कुणी केलं नाही. यूपीआयवरून पैसे आले की बँकेत नाव अर्धवट दिसतं, पत्ता आणि पॅन तर दिसतच नाही, आणि पावतीला ते लागतं. म्हणून क्यूआर कोडच्या खाली एक गुगल फॉर्म दिला: नाव, पत्ता, पॅन, व्यवहाराचा क्रमांक. हा फॉर्म पहिल्या दिवसापासून ठेवा.

गटातल्या एका मावशींची मुलगी अमेरिकेत असते. तिनं मोठी रक्कम देऊ केली. पण तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलेलं आहे, म्हणजे तो परदेशी निधी ठरतो आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. ती नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या कमाईतून देऊ शकतो, पण तिला ते शक्य नव्हतं. मावशींना नकार सांगणं मला फार जड गेलं. एका कारखान्याच्या सीएसआर निधीचीही (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो) चौकशी केली. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक हवा. तोही नव्हता, आणि आमच्या मुदतीत होण्यासारखा नव्हता. तो विचार सोडला.

आता कमाईच्या कल्पना. ब्रिटनमध्ये १९२७ साली लोकांनी आपल्या घरच्या बागा एक शिलिंग घेऊन पाहायला उघडल्या होत्या. त्या वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि तो पैसा घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या कामासाठी गेला. नॅशनल गार्डन स्कीम नावानं ते अजून चालू आहे. आणि तिथेच १९७९ पासून थ्राइव्ह नावाची संस्था बागकामातून माणसांना आधार देण्याचं काम करते. हे गटात वाचून दाखवलं तेव्हा एक वहिनी लगेच म्हणाल्या, "मग आपण गच्च्या उघडू." दुसरी कल्पना पूर्णपणे आपल्या मातीतली होती: संक्रांतीचं वाण. हळदी-कुंकवाला दर वर्षी प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या वड्या वाटल्या जातात. त्याऐवजी तुळशीचं, पुदिन्याचं, पत्ताओव्याचं रोप. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, तीन आठवडे. एकेका घराला तीस-चाळीस वाणं लागतात. आमच्या हातात काय आहे याचा अंदाज आम्हाला पहिल्यांदा तेव्हा आला.

कोजागरी झाल्या झाल्या तुळस पेरली. थंडीत ती हळू वाढते, दोन महिने धरावेच लागतात. पुदिना आणि पत्ताओवा छाटावरून होतो, तो नोव्हेंबरअखेर लावला तरी चालतो. चहाचे कागदी कप, तळाला भोक, कोकोपीट, गांडूळखत आणि घरची माती सारख्या भागात. महापालिकेचं पाणी आमच्याकडे काही दिवसांच्या अंतरानं येतं, बोअरचं पाणी जड, त्यानं कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी सगळ्यांनी साठवायला सुरुवात केली. ज्यांच्या गच्चीवर ऊन जास्त त्यांनी तुळस घेतली, ज्यांच्याकडे सावली त्यांनी पुदिना. रोपं साधारण दीड हजार लावली. सगळी जगली नाहीत.

एका काकांना डाळिंबाची गुटी कलमं विकायची होती. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे मागणी नक्की आली असती. पण फळझाडांच्या रोपवाटिकेला आणि रोपविक्रीला १९६९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाळिंबाच्या बागा उद्ध्वस्त करणारा तेल्या रोग रोगट कलमांतून पसरतो. इथल्या बागायतदारांनी तेल्यापायी काय सोसलंय हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या कामासाठी म्हणून विकलेलं एक कलम कुणाच्या बागेत रोग घेऊन गेलं तर? काकांनीच ती कल्पना मागे घेतली. खाद्यपदार्थांचंही तसंच. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ठेवायची हौस होती, पण त्याला अन्न परवान्याची नोंदणी लागते. ज्यांच्याकडे नोंदणी आहे अशा एका महिला बचत गटाला आम्ही जागा दिली, त्यांची विक्री त्यांचीच राहिली.

नोव्हेंबरअखेर निवडणूक संपली आणि आम्ही प्रत्यक्ष मागायला बाहेर पडलो. आवाहनाचं पत्र मी लिहिलं. गटातल्या एकानं सुचवलं होतं की १९८४ सालचा रॉजर उलरिच यांचा अभ्यास त्यात टाकावा: अमेरिकेतल्या एका रुग्णालयात खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास प्रसिद्ध आहे आणि खराही. पण तो झाडं पाहण्याबद्दल आहे, माती हातात घेण्याबद्दल नाही, आणि आमच्या माणसांचा आजारही वेगळा. पत्रात तो घातला असता तर लोकांना वाटलं असतं की बागेनं आजार जातो. बागेनं आजार जात नाही, औषधं चालूच ठेवावी लागतात. बागेनं दिवसाला आकार येतो, हाताला काम मिळतं, चार माणसांत बसणं सोपं होतं. एवढंच लिहिलं.

फोटोंचाही विचार करावा लागला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. संस्थेनं तर कुठेही चेहरा नको असंच सांगितलं. आम्ही वाफ्यांचे, टोपलीतल्या मेथीचे, ट्यूब गुंडाळलेल्या खुरप्याचे फोटो वापरले. ते खुरपं पाहून लोक प्रश्न विचारायचे आणि मग बोलणं व्हायचं. फक्त मोबाइलवर संदेश पाठवून फार थोडे पैसे आले. समोर बसून, चहा घेत सांगितलं तिथे बहुतेकांनी दिले. पाचशे, हजार, दीड हजार अशाच रकमा जास्त होत्या. पूर्व भागात गटातल्या एका अक्कांनी घरोघरी तेलुगूत समजावून सांगितलं. तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांनीही शंभर-दोनशे दिले, त्यांची नावं पत्त्यासकट वहीत नीट लिहिली. एका यंत्रमाग मालकांनी २५ हजारांचा धनादेश दिला. त्यांचा स्वतःचा मुलगा अशाच आजारानं घरी बसून असतो हे त्यांनी चेक लिहून झाल्यावर सांगितलं.

वाईटही ऐकावं लागलं. एका दुकानात मालक माझ्या तोंडावर म्हणाले, "वेड्यांच्या बागेला कशाला पैसे?" मी तिथे जाणाऱ्या एका भावाची बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी पत्र ठेवलं आणि बाहेर आले, अक्का सोबत होत्या म्हणून सावरले. मागायला जाताना दोघांनी मिळून जावं हे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते. हिशेबासाठीही ते बरं असतं.

जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याच्या यात्रेमुळे सगळं शहर सिद्धेश्वर मंदिराकडे असतं, म्हणून त्या दिवसांत कुठलाच कार्यक्रम ठेवला नाही. वाणाची मागणी मात्र आधीच नोंदवून घेतली होती, निम्मे पैसे आगाऊ. ३० रुपयाला एक रोप. कपाला कागद गुंडाळून त्यावर एक ओळ लिहिली: रोप कुठे ठेवायचं, पाणी किती घालायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशीपासून जुळे सोलापुरातल्या एका घराच्या पोर्चमधून वाटप सुरू झालं. १,२६० रोपं गेली, ३७ हजार ८०० रुपये आले, कप-खत-बियाण्यांचा खर्च १० हजार ९०० वजा जाता २६ हजार ९०० उरले. रोपांवर जीएसटी नाही, तो प्रश्न आला नाही. पुढच्या वर्षी कुणी करणार असेल तर तुळस जास्त लावा, पुदिना रिक्षाच्या प्रवासातच मान टाकतो.

गच्च्या १९ जानेवारीच्या रविवारी उघडल्या. सहा गच्च्या, सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा, शंभर रुपयांचा पास, लहान मुलांना मोफत. याची तयारी वाणापेक्षा अवघड होती. अपार्टमेंटच्या गच्चीसाठी सोसायटीची लेखी परवानगी हवी. एका ठिकाणी ती मिळाली नाही, तिथे ऐनवेळी दुसरी गच्ची घेतली. कठडा कंबरेपेक्षा खाली असेल ती गच्ची घेऊच नका. एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसं वर सोडायची नाहीत, कारण स्लॅबवर आधीच ओल्या मातीचं वजन असतं. जिन्यात एक जण, दारात एक जण, वर दोघं. पासचा रंग सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा ठेवल्यानं गर्दी आपोआप वाटली गेली. २१४ पास विकले गेले, छपाई-चहा-खुर्च्यांचा ४ हजार ६०० खर्च वगळून १६ हजार ८०० मिळाले. मुंबईला राहणारी, गड्ड्यासाठी आलेली मंडळी थांबून आली होती. जास्वंदीची बारा रंगांची झाडं पाहून एक आजोबा एकाच गच्चीवर तासभर बसले, त्यांना कुणी उठवलं नाही.

त्या संध्याकाळी संस्थेतले काही जणही ताईंबरोबर आले होते, पाहुणे म्हणून, पास घेऊन. माझा भाऊ होता. तो एका कुंडीपाशी थांबला आणि गच्चीच्या मालकांना म्हणाला, "याला पाणी जास्त होतंय." मालकांनी वाकून माती बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "खरंय तुमचं, भाऊ. उद्यापासून दिवसाआड घालतो." त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं. कुणीतरी त्याचं ऐकून घेतलं आणि तसं करायचं ठरवलं, हे मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

थेट देणग्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १ लाख ७८ हजार ३०० झाल्या. सगळं मिळून २ लाख २२ हजार. ठरवलेल्यापेक्षा २२ हजार कमी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाण आणि पासचे पैसे धनादेशानं संस्थेला दिले, हिशेबाची प्रत आणि सगळी बिलं सोबत. कमी पडलेल्या रकमेत काय थांबवायचं यावर चर्चा झाली. पगार आणि शेडनेटला हात लावायचा नाही हे एकमतानं ठरलं. चारपैकी तीन वाफे थांबले, एकच बांधला. मार्चअखेर शेडनेट उभी राहिली, ऊन चढण्याआधी. १ एप्रिलपासून कृषी पदविका झालेला एक तरुण प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. पहिला महिना त्यानं झाडांना फारसा हात लावला नाही, मॅडमबरोबर बसून प्रत्येकाशी ओळख करून घेतली. काही देणगीदारांनी "बागेत काय लावलं?" म्हणून फोन केले, त्यांना हे सांगून समजावलं. काम सुरू करण्याआधी सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घेतलं.

देणगीदारांच्या पावत्या लगेच दिल्या, पण करसवलतीसाठी लागणारं १० बीई प्रमाणपत्र वेगळं होतं. संस्थेनं २०२५ मध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १० बीडी विवरण भरायचं होतं, त्यानंतर ते निघणार होतं. एप्रिलभर लोक त्याची विचारणा करत होते. देणगी घेतानाच ही तारीख सांगून ठेवा. ज्यांनी पॅन चुकीचा लिहिला होता त्यांना फोन करून दुरुस्ती करून घेण्यात अण्णांचा मे महिना गेला. धर्मादाय कार्यालयात आमचा हिशेब सी.ए. सरांच्या सहीनं दिला. सरांनी फी घेतली नाही. कागद, झेरॉक्स, छपाई, येणं-जाणं मिळून साधारण साडेतीन हजार गेले, ते आम्ही आपसात वाटून घेतले, निधीतून घेतले नाहीत.

संस्था दर तीन महिन्यांनी आम्हाला एक पान पाठवते: किती जण बागेत आले, काय पेरलं, काय निघालं, पगार कधी दिला. नावं नसतात. एप्रिल ते जून या पहिल्या पानावर मेथी, मुळा, चवळी आणि झेंडूची रोपं आहेत. उन्हाळ्यात काम सकाळी साडेसात ते नऊ चाललं, पाण्याचा माठ नेटखालीच असतो. भावाकडे ठिबकच्या नळ्या तपासायचं काम आहे, जड पाण्यामुळे त्यांची तोंडं क्षारानं बुजतात आणि ती दर आठवड्याला काढून धुवावी लागतात.

उरलेले तीन वाफे आणि दुसऱ्या वर्षाचा पगार हे आता समोर आहे. धर्मादाय कार्यालयाचा अर्ज या वेळी उशीर न करता भरायचा आहे, तुळस कोजागरीआधी पेरायची आहे, आणि वाणाची मागणी गणपती झाल्यावर घ्यायला सुरुवात करणार आहोत. कुणाला आमच्या ठरावाचा, संमतीपत्राचा किंवा देणगीदारांच्या फॉर्मचा मसुदा हवा असेल तर मागा, नावं काढून देते.